कावळा न बसलेली फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो ते नेहमी दुसऱ्याच्या कावळ्याबद्दल. स्वतःच्या कावळ्याने मात्र फांदी मोडलेलीच असते. शेजारच्या काकूंनी कुठल्याशा महाराजांचा अंगारा लावला आणि त्यांचा ताप उतरला, तर तो उतरणारच होता. आपण गवती चहाचा काढा घेतला आणि आपला ताप उतरला, तर तो काढ्यानेच. या बाबतीत श्रद्धाळू आणि बुद्धिवादी असा भेद मला कधी आढळलेला नाही. एक जण अंगाऱ्याला श्रेय देतो, दुसरा जाहिरातीतल्या पावडरीला. दोघांचीही फांदी मोडलेली असते, दोघांनीही कावळा प्रत्यक्ष पाहिलेला असतो आणि दोघेही शेजारच्या फांदीकडे ढुंकून बघत नाहीत.

शेजारची फांदी म्हणजे झाड तेच, जाडी तीच, वारा तोच, फक्त तिच्यावर कावळा बसलेला नाही. ती मोडली की नाही? विज्ञानातल्या प्रयोगाचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे. त्या बिनकावळ्याच्या फांदीला प्रयोगशाळेत कंट्रोल ग्रुप म्हणतात आणि झाड, जाडी, वारा सारखे ठेवण्याचा जो खटाटोप, तो कंट्रोल व्हेरिएबलचा. पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं नाही.

आमच्या मजल्यावरच्या आप्पांचं बघा. श्रावणात त्यांचा उजवा गुडघा धरला. आप्पांनी रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी खायला सुरुवात केली. मुलीने फिजिओथेरपिस्टकडे नाव घातलं. सुनेने रात्रीचा भात बंद केला. त्याच सुमारास आमची लिफ्ट दुरुस्त झाली, त्यामुळे चार मजल्यांचे जिने सुटले. आणि मेव्हण्याने नाशिकहून तांब्याचं कडं पाठवलं. दसऱ्याला आप्पा सोनं वाटत सगळे मजले पायी फिरले. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते मनगट वर करून दाखवतात. फिजिओथेरपिस्टने घाम गाळला, भातावाचून आप्पा दोन महिने तळमळले, लिफ्टवाल्याने अख्ख्या इमारतीची बोलणी खाल्ली, पण मान कड्याला. कारण ते सगळ्यात शेवटी आलं आणि ते दिसतं. न खाल्लेला भात कुणाला दिसत नाही.

‘आप्पा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची होती. म्हणजे कशाने गुण आला ते कळलं असतं,’ मी म्हटलं.

‘आणि तोवर गुडघा कुणाचा दुखणार होता? तुझा?’

हे उत्तर बिनतोड आहे. दुखणाऱ्या माणसाला बरं व्हायचं असतं, कशाने बरं झालो याचा शोध लावायचा नसतो. तो पाची उपाय एकदम करतो आणि बरा झाल्यावर त्यातला जो आवडता, त्याच्या गळ्यात माळ घालतो. शिवाय आपण उपायाला लागतो केव्हा? दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. शिगेवर पोचलेल्याला पुढे उतारच लागतो. त्या उतारावर जो कोणी उभा असेल, मग तो वैद्य असो, डॉक्टर असो की मेव्हणा, त्याच्या नावावर यश जमा होतं.

हे गुपित काविळीइतकं दुसऱ्या कुठल्या आजाराला कळलेलं नाही. आपल्याकडे नेहमी होते ती, दूषित पाण्यातून येणारी कावीळ, बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपण उतरते. विश्रांती आणि धीर, एवढंच ती मागते. पण स्वतःहून जाणाऱ्या पाहुण्याला ‘मी घालवला’ म्हणणारा कोणी ना कोणी प्रत्येक तालुक्यात असतोच. त्याचे वार ठरलेले असतात आणि पथ्यही. एका ठिकाणी तो रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतो. पाणी बघता बघता पिवळंधमक होतं. रोग्याला वाटतं, निघाली अंगातून! दुसऱ्या ठिकाणी तो काड्यांची माळ करून डोक्यावर टोपीसारखी ठेवतो. ती माळ दिवसागणिक लांबते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर. माळ उतरते तशी कावीळ उतरते, असा हा हिशेब. डोळ्यांनी दिसतो, त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी यावर भाषण न करता एक साधी गोष्ट केली. त्यांनी धडधाकट माणसाला पुढे बसवलं आणि तेच पाणी, तोच रस वापरून त्याचे हात धुतले. पाणी तितकंच पिवळं झालं. हाताला आधी आंब्याच्या अंतरसालीचा रस चोळलेला असतो, त्याला चुन्याची निवळी लागली की पिवळा रंग येतो. त्यात यकृताचा काही संबंध नाही. माळेचंही तेच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत आवळलेले असतात. काड्या सुकतात, आकसतात, फास सैल पडतात आणि आतला दोरा मोकळा होऊन माळ वाढते. ती कुणाच्या गळ्यात आहे याची तिला खबरही नसते.

आमच्या नात्यातल्या एका मामांनी, भाच्याला कावीळ झाली तेव्हा, आजीच्या समाधानासाठी माळ आणायचं कबूल केलं, पण एकीच्या दोन आणल्या. एक भाच्याला घातली, दुसरी देवघराशेजारी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. दोन्ही माळा जोडीने लांबत गेल्या. भाच्याची छातीपर्यंत आली तेव्हा खिळ्याची एकादशीवरून अमावास्येपर्यंत पोचली होती. मामा विजयी मुद्रेने आजीला खिळ्यापाशी घेऊन गेले. आजीने चष्मा लावला, माळ बघितली, भिंत बघितली आणि म्हणाली, ‘अगं बाई, भिंतीलाही झाली होती म्हणायची. तरीच रंग पिवळा दिसत होता.’

(माळ कमरेपर्यंत यायची वाट बघणं सगळ्याच काविळींना परवडत नाही. काही पित्ताशयातल्या खड्यामुळे होतात, काही जास्त खोडसाळ विषाणूंमुळे. त्यांना रक्ततपासणीच लागते. आजीला मामांनी हेही सांगितलं होतं. तिने ऐकलं नसावं.)

आता अगदी खरोखरचा, इतिहासात नोंदला गेलेला प्रयोग सांगतो. साल १७४७, महिना मे, इंग्रजांच्या आरमारातलं ‘सॅलिसबरी’ नावाचं जहाज. त्या काळी लांबच्या सफरीवर खलाशी स्कर्व्हीने जायचे. हिरड्या कुजत, अंगावर डाग पडत, गुडघ्यांतलं बळ जाई. उपायांना तोटा नव्हता. उपाय सांगणाऱ्यांना तर कधीच नसतो. जहाजावरच्या जेम्स लिंड नावाच्या स्कॉटिश सर्जनने बारा आजारी खलाशी निवडले, होईल तितके एकसारखे. बाराही जणांना एकाच जागी ठेवलं आणि एकच जेवण लावलं. सकाळी साखर घातलेली पेज, दुपारी बहुतेक मटणाचा रस्सा, रात्री जव, मनुका, साबुदाणा असं काहीबाही. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला.

या जोड्यांचं नशीब बघण्यासारखं आहे. पहिल्या जोडीला रोज सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू. ती मिळाल्यावर त्यांनी बाकीच्यांकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल याची कल्पना करा. दुसऱ्या जोडीला पातळ केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, दिवसातून तीनदा. हे तेव्हाचं प्रतिष्ठित औषध होतं. तिसऱ्या जोडीला व्हिनेगर. चौथ्या जोडीला समुद्राचं पाणी, रोज साधारण पाव लिटर. पाचव्या जोडीला दोन संत्री आणि एक लिंबू. सहाव्या जोडीला लसूण, मोहरी वगैरे वाटून केलेली जायफळाएवढी गोळी आणि वर चिंच घालून आंबट केलेलं जवाचं पाणी. सहाव्या जोडीचा बेत एखाद्या मराठी आजीने ठरवला असावा असा मला दाट संशय आहे.

माझा जीव मात्र चौथ्या जोडीत अडकलेला आहे. शेजारी दोघे जण सायडर पितायत, पलीकडे संत्र्याची साल सोलल्याचा वास येतोय आणि आपल्यापुढे काय येतंय, तर मगभर समुद्र. तोही जहाजाच्या चहूबाजूंनी फुकट पसरलेला! औषध म्हणून देताना डॉक्टरला निदान थोडा संकोच वाटायला हवा होता. आणि त्यात लिंडने एक लबाडी, किंवा भाबडेपणा म्हणा, केला होता. ज्या दोघांच्या गुडघ्यामागच्या शिरा ताठ झाल्या होत्या, जे सगळ्यांत जास्त आजारी होते, तेच त्याने समुद्राच्या पाण्यावर ठेवले. हे बसत नाही. बारा जण एकसारखे म्हणून घ्यायचे आणि त्यांतले रडतखडत चालणारे दोघे निवडून त्यांना खारं पाणी पाजायचं, तर पुढे ते बरे झाले नाहीत याचा दोष पाण्याचा की शिरांचा? आज कोणी असं केलं तर त्याचा निबंध साभार परत येईल.

तरी निकाल इतका ढळढळीत होता की चूक झाकली गेली. संत्री-लिंबं सहा दिवसांत संपली, पण तोवर ती खाणाऱ्यांपैकी एक जण कामावर रुजू होण्याजोगा झाला होता आणि दुसऱ्याला उरलेल्या दहा जणांची शुश्रूषा करायला नेमलं होतं. सायडरवाल्यांना थोडा उतार पडला. बाकीचे होते तिथेच. यातलं संत्र्याचं यश सगळे सांगतात. माझ्या मते प्रयोगाचा खरा मुद्दा पेज आहे. सगळ्यांची पेज एक, जागा एक, आजार एक. म्हणूनच संत्रं उठून दिसलं. लिंडने संत्रीवाल्यांना वरच्या डेकवर हवेशीर जागा दिली असती आणि सोबत कोंबडीही, तर आजही आपण स्कर्व्हीवर हवापालट सुचवत बसलो असतो.

आणि गंमत पुढेच आहे. एवढा स्वच्छ निकाल हातात असून लिंडचा स्वतःचाच त्यावर पुरता विश्वास बसला नाही. १७५३ साली त्याने स्कर्व्हीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात दमट हवा, पचन, घाम न येणं असं बरंच काही कारण म्हणून सांगितलं आणि हा प्रयोग मध्ये कुठेतरी थोडक्यात आटोपला. लिंबाचा रस टिकावा म्हणून तो आटवून त्याचा पाक करायला सांगितलं. त्या आटवण्यात नेमकं जे हवं ते क जीवनसत्त्व निघून जात होतं. आरमाराने सगळ्या खलाशांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं ते १७९५ मध्ये. लिंड आदल्याच वर्षी वारला होता. सरकारी कामाला अठ्ठेचाळीस वर्षं लागली, यात आपल्याला दचकण्यासारखं काही नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी यातलंच एक काम केलेलं असतं, फक्त ते कशासाठी हे आपल्या लक्षात येऊ दिलेलं नसतं. कुंडीतलं झाड अंधारात ठेवायचं, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ते उन्हात आणायचं. पुढे पान स्पिरिटमध्ये उकळायचं आणि त्यावर आयोडीन टाकायचं. उघडा भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा होत नाही. मास्तर विचारतात, ‘काय दिसलं?’ वर्ग ओरडतो, ‘निळंकाळं!’ मास्तर म्हणतात, ‘शाबास,’ आणि आकृतीला पाच मार्क. पट्टीखालच्या त्या फिकट तुकड्याबद्दल कोणी विचारत नाही. वास्तविक सगळी साक्ष त्याची आहे. पान तेच, झाड तेच, पाणी तेच, ऊन मात्र नाही. दुसऱ्या कुंडीतलं पान घेतलं असतं तर कोणी म्हणू शकलं असतं की त्याची जातच तशी. एकाच पानाचे दोन भाग केल्यावर बोलायला तोंड राहत नाही.

म्हणून मला नेहमी वाटतं की प्रयोग करायचा तर घरातच करावा. एक घर, एक पाणी, एक स्वयंपाक. पण इथे प्रेम आडवं येतं. आमच्या एका स्नेह्यांना जुळे मुलगे. त्यांच्या मनात आलं की भिजवलेल्या बदामांनी खरंच बुद्धी वाढते का ते बघावं. थोरल्याला रोज चार बदाम, धाकट्याला नाही, सहामाही परीक्षेपर्यंत. मुलांच्या आईने पहिल्याच दिवशी त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. मग दोघांत तह होऊन प्रयोग एकदाचा सुरू झाला. काही दिवसांनी बरणीतले बदाम हिशेबापेक्षा भराभर संपताहेत असं लक्षात आलं. आजी धाकट्याला दुपारी कुशीत घेऊन बदाम भरवत होत्या. तेही चारऐवजी सहा, ‘बिचाऱ्याला मिळत नाहीत ना, म्हणून.’ सहामाहीत दोघांनाही गणितात सारखेच मार्क पडले. आजींच्या मते यावरून बदामांचा गुण सिद्धच झाला.

बदाम चोरून भरवता येतो, लस येत नाही. म्हणूनच असला प्रयोग एकदा एका अख्ख्या गावात, खऱ्याखुऱ्या मरणाच्या सावलीत, नीट पार पडला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. तुरुंगात एक बरं असतं, पेज सगळ्यांची सारखी असते. पण तुरुंग म्हणजे घर नव्हे. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्लेग शिरला तेव्हा गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली साधारण अर्धी माणसं टोचली आणि अर्धी तशीच ठेवली. एकाच छपराखाली, त्याच उंदरांमध्ये, त्याच पिसवांमध्ये. ज्या घरांत प्लेग आला, तिथे टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले आणि न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६.

हे २६ म्हणजे नुसता आकडा नाही. एकाच ताटाभोवती बसणाऱ्यांपैकी कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ. तेव्हा लस खरंच वाचवते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोणत्या अर्ध्यात असणं बरं, हेही नाही. आज लस घेताना दंडाला दुखतं म्हणून आपण कुरकुरतो तेव्हा त्या दुसऱ्या अर्ध्याचं आपल्यावर काही देणं आहे हे मनात येत नाही. मलाही एरवी येत नाही.

असो. विषय चटणीकडे वळवतो.

आमच्या मावशीचा दावा आहे की पाट्यावर वाटलेली चटणी आणि मिक्सरमधली चटणी ती डोळे मिटून ओळखते. ‘मिक्सरच्या चटणीला करपट वास येतो,’ ती म्हणते. तिचा एक भाचा इंजिनिअर, नुकताच नोकरीला लागलेला. त्याने आव्हान दिलं. त्याला कुठून तरी ती इंग्लंडमधली चहाची गोष्ट ठाऊक होती. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात शैवालांवर काम करणाऱ्या म्युरियल ब्रिस्टल नावाच्या बाईंनी, कपात दूध आधी घातलंय की चहा, हे मी चवीवरून सांगते, असं म्हटलं. तिथले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १९३५ च्या पुस्तकात त्यांनी त्यावरून आख्खी पद्धत बेतली. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर, क्रम नशिबावर सोडलेला. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. बाई जिंकल्या की हरल्या हे मात्र फिशरनी त्या पुस्तकात लिहिलेलंच नाही. आपल्याकडे हा वाद उद्भवला नसता. आपण दूध, पाणी, साखर, पूड आणि आलं एकदमच उकळतो.

तर आठ वाट्या. नारळ एकच, मिरच्या एकाच जुडीतल्या, मीठ मोजून. भाच्याने नाणं उडवून क्रम ठरवला. इथवर फिशरनी पाठ थोपटली असती. वाटणारी होती वहिनी. तिने पाट्यावर वाटून कंबर धरली होती आणि वाट्या मांडायलाही तीच उभी होती. मावशीने एकेक वाटी चाखली आणि धडाधड सांगितलं, पाटा, मिक्सर, मिक्सर, पाटा... सात वाट्या बरोबर. भाचा अवाक्. मग त्याच्या बायकोने हळूच विचारलं, ‘मावशी, तुम्ही चाखताना वर का बघत होता?’ उत्तर आलं नाही, पण आम्हाला कळलं. पाट्याची वाटी आली की वहिनीच्या चेहऱ्यावर कमरेची कळ उमटत होती. मावशी चटणी चाखत नव्हती, वहिनीचा चेहरा वाचत होती.

मावशीची यात मानहानी नाही. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा. उत्तराच्या आकड्याइतके टाप आपटायचा. मोठमोठ्या लोकांनी खात्री करून घेतली, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न घोड्याला घातले. घोडा पार गोंधळला. तो हिशेब करतच नव्हता. टाप मोजता मोजता बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित सैल पडायचा, मान हलायची, तिथे तो थांबायचा. त्याच्या मालकालाही ते ठाऊक नव्हतं. म्हणून आता औषधांच्या चाचण्यांत कोणाला खरी गोळी आणि कोणाला साखरेची, हे रोग्यालाही कळू देत नाहीत आणि देणाऱ्यालाही. आमच्याकडे पुढच्या फेरीला वहिनीला गॅलरीत पाठवायचं ठरलं होतं. पण तोवर भाकऱ्या तयार झाल्या आणि प्रयोगाचं साहित्य दहा मिनिटांत फस्त झालं. मावशीचा अखेरचा अभिप्राय असा की आठही वाट्यांत मीठ कमी होतं.

शेतीत तर ही नजर आपल्याच माणसांनी पक्की केलेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांचं १९५४ मधलं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक राहुरीपासून दापोलीपर्यंतच्या कृषी पदव्युत्तरांना ‘पानसे-सुखात्मे’ या जोडनावाने ठाऊक असतं. वावराचे सारखे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात कोणतं वाण ते चिठ्ठ्यांवर सोडायचं आणि शेजारी गावातलं नेहमीचं वाण पेरायचंच पेरायचं, म्हणजे नव्याची बढाई जुन्याशी ताडून बघता येते. हे झालं कृषी विद्यापीठाच्या कुंपणाआत. कुंपणाबाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, बियाण्याच्या कंपन्यांचे प्रात्यक्षिक प्लॉट असतात. तिथे पाटी माणसाच्या उंचीची आणि कपाशी पाटीच्या उंचीची. तो प्लॉट नेहमी विहिरीलगत असतो, गावातल्या सगळ्यात कष्टाळू शेतकऱ्याचा असतो, खत कंपनीचं असतं आणि त्याच्या शेजारी जुन्या वाणाचं वावर कधीच नसतं. असलंच तर ते दुसऱ्याचं असतं, मुरमाड असतं आणि तिकडे बोट दाखवून कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो, ‘बघा फरक!’

आमच्या सोसायटीत मात्र गेल्या उन्हाळ्यात विज्ञान शिरायची पाळी अगदी आली होती. टँकरचं बिल डोईजड झालं म्हणून सेक्रेटरींनी नळांना पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या बसवायचं सुचवलं. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी पुण्याला संख्याशास्त्र शिकते. ती सभेत उभी राहून म्हणाली, ‘आधी एकाच विंगला बसवू या. दुसरी तशीच ठेवू. दोन्हींचे मीटर वेगळे आहेतच. कुठली विंग ते चिठ्ठी टाकून ठरवू.’

क्षणभर सभेला ते पटलं. मग बी विंगचे एक काका उठले.

‘म्हणजे ए विंगला जाळ्या आणि आम्हाला काही नाही?’

‘काका, चिठ्ठी तुमचीही निघू शकते.’

‘निघाली नाही तर? मेंटेनन्स आम्ही कमी भरतो का?’

‘अहो, उलट,’ ए विंगमधल्या एक बाई म्हणाल्या, ‘आमच्यावरच का प्रयोग? आम्ही काय उंदीर आहोत? पाणी कमी आलं तर धुणी आमचीच अडणार.’

अशा रीतीने ज्यांना जाळी मिळणार तेही नाराज आणि ज्यांना मिळणार नाही तेही. मुलीने तीनदा समजावलं की काही न मिळणाऱ्या विंगवाचून मिळालेल्या विंगचा उपयोग कळणारच नाही. काकांनी तिला विचारलं की तुझं लग्न ठरलं का. शेवटी आपल्या हक्काची वस्तू चिठ्ठीच्या भरवशावर सोडायची नाही असं बहुमताने ठरलं आणि दोन्ही विंगना एकाच दिवशी जाळ्या बसल्या.

जूनच्या बिलात टँकर निम्म्याहून कमी झाले. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी जाळ्यांचं कौतुक केलं. प्लंबरने निदर्शनास आणलं की एप्रिलमध्ये त्याने गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बदलला होता, आधी तिथून रात्रभर पाणी वाहायचं. वॉचमन म्हणाला, मे महिन्यात निम्म्या सदनिका गावी गेल्या होत्या आणि जूनच्या सातव्या तारखेलाच पाऊस सुरू झाला. तिघांचंही म्हणणं खोडता येईना, तेव्हा तिघांचाही सत्कार करायचं ठरलं. नारळ तीन आणले होते, शाल एकच होती. ती कुणाला द्यायची यावर चिठ्ठी टाकली. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही.